काकांची बाराबंदी

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आमचे काका नंदीध्वज, म्हणजे सजवलेली उंच काठी, पेलतात. अक्षता सोहळ्यातले त्यांचे फोटो मी पहिल्यांदा काढले ते जेपेगमध्ये. कॅमेऱ्यात आधीपासून तेच होतं. घरी लॅपटॉपवर बघतो तर जानेवारीतल्या दुपारच्या उन्हात बाराबंदी (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा) आणि धोतर मिळून एकच पांढरा पट्टा. ना बंद, ना चुणी. काका मागंच उभे होते. "काय बे, कापसाचा बोळा दिसतोय की मी!" ब्राइटनेस उतरवला, तर बोळा राखाडी झाला, एवढंच.

जेपेग ८ बिटची, म्हणजे दर रंगाला २५६ पायऱ्या. शिवाय कॉन्ट्रास्ट, व्हाइट बॅलन्स कॅमेराच ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉ म्हणजे कच्ची फाइल, तिच्यात सेन्सरनं मोजलेलं तसंच राहतं. माझ्या कॅमेऱ्यात ते १४ बिट, म्हणजे १६,३८४ पायऱ्या.

म्हणून पुढच्या वर्षी रॉ. सकाळपासून सम्मती कट्ट्याजवळ जागा धरली. अक्षता उडाल्या तसं बटण दाबून धरलं. खटाखट खटाखट... आणि गप्प. बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरला होता. पंचवीसेक एमबीची एकेक फाइल, त्यात माझं कार्ड स्वस्तातलं. लाल दिवा लुकलुकत राहिला. अक्षता माझ्या केसांत भरपूर, फोटोत एकही नाही.

त्याआधीच्या फोटोंत मात्र हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली ओढल्यावर बाराबंदीच्या गाठी वर आल्या. एका फोटोत खांदा उन्हानं पार जळून पांढराफटक झाला होता, तो रॉमध्येही परत आला नाही. सेन्सरनं जे टिपलंच नाही ते कुठून येणार? आणि स्टुडिओत फाइल दिली, तर तिथल्या मुलाला ती उघडेचना. शेवटी जेपेग करूनच प्रिंट काढली.

यंदा वेगवान कार्ड घेतलं, रॉचं लॉसलेस कॉम्प्रेशन (माहिती न गमावता फाइल लहान करणं) चालू केलं, एक्सपोजर थोडं उतरवलं आणि एका दमात तीन-चारच फोटो घेतले. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, जेपेगच्या हिशेबानं बोंब मारतो, हे कळल्यामुळं फार घाबरलोही नाही. होम मैदानावरचे पाळणे आणि पोरंटोरं सरळ जेपेगमध्ये. व्हॉट्सअॅपवर टाकायला रॉ कशाला?

रात्री काकांना त्यांचा फोटो मोठा करून दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते.

"हा बंद सुटलाय की बे. तिथंच सांगायचं नाही का?"