डायलिसिस, रेशनकार्ड आणि आखाजी

पत्नीचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी निकामी होत चालली की रक्तात वाढणारा घटक, ७ च्या वर गेले, त्याच दिवशी जळगावच्या किडनीतज्ज्ञांनी आम्हांला दोन कामे सांगितली होती. डाव्या हाताला फिस्टुला करून घ्या आणि योजनेची कागदपत्रे जमवायला लागा. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडायची. ती शीर फुगून डायलिसिसच्या जाड सुया टोचण्याजोगी व्हायला ६ ते ८ आठवडे जातात, म्हणून ते काम आधीच उरकायचे असते. आम्ही दोन्हींपैकी एकही केले नाही. केळीचा माल निघत होता, मुलीची बारावी होती, आणि नात्यातल्या एकांनी सुचवलेल्या काढ्यावर माझाच विश्वास बसला होता. शेवटी एका रात्री आडवे झाले की तिला श्वास पुरेना, तेव्हा मानेत नळी घालून तातडीने डायलिसिस करावे लागले. ती नळी अडीच महिने राहिली. तेवढे दिवस डोक्यावरून अंघोळ बंद, आणि थंडी वाजून ताप आला की जंतुसंसर्गाच्या धास्तीने पुन्हा भरती. यातले बरेचसे माझ्या चालढकलीमुळे तिला सोसावे लागले.

कागदांचे तसेच झाले. आमचे रेशनकार्ड केशरी, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत होणार, हे मी धरूनच चाललो होतो. रुग्णालयात योजनेचे काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने रेशनकार्ड आणि आधार हे दोन्ही कागद शेजारी ठेवून मला दाखवले. रेशनकार्डावर तिच्या नावाला ‘बाई’ जोडलेले होते आणि पुढे माझे नाव होते, तर आधारवर ‘बाई’ नाही आणि वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव तसेच राहिलेले. नावे जुळल्याशिवाय पूर्वमंजुरीला पाठवता येणार नाही, असे त्याने सांगितले, आणि डायलिसिसच्या पहिल्या ९ फेऱ्या आम्ही पदरच्या पैशांनी केल्या.

रेशनकार्डासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत गेलो, तर आधी आधार दुरुस्त करा म्हणाले. आधार केंद्रावर विवाह नोंदणीचा दाखला मागितला. आमचे लग्न होऊन वीस वर्षे उलटली होती, पण नोंदणी करायची असते हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हते. मग लग्नपत्रिका शोधली, जी आईच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या घडीत सापडली, तीन साक्षीदार गोळा केले आणि ग्रामपंचायतीत नोंदणी केली. या प्रत्येक ठिकाणी तिला स्वतः हजर राहावे लागे. डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी ४ तास. त्या दिवशी घरी आल्यावर तिच्यात उभे राहण्याचे त्राण नसे, म्हणून कचेऱ्यांसाठी मंगळवार आणि गुरुवार एवढेच उरत. आधारच्या यंत्राला तिचे ठसे पटेनात. निंदणी-खुरपणीत बोटांच्या रेषाच पुसल्या गेलेल्या. दहाही बोटे दाबून झाली, तेव्हा केंद्रावरच्या मुलाने डोळ्यांचे यंत्र पुढे केले आणि ते एका झटक्यात लागले. अशी धावपळ पुढे कोणाला करावी लागू नये, म्हणून सांगतो की फिस्टुला तयार व्हायला लागतात तेच आठवडे कागदांसाठी वापरावेत, आणि एस.टी.च्या मोफत प्रवासासाठी लागणारे प्रमाणपत्रही तेव्हाच मागून घ्यावे.

घरात मात्र खरी उलथापालथ स्वयंपाकघरात झाली. रावेरच्या केळीच्या बागेत राहणाऱ्या बाईला केळे वर्ज्य, कारण निकामी किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही आणि ते रक्तात वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. भाज्या चिरून भिजवायच्या, भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचे, हे आईने शिकून घेतले. भाजलेल्या वांग्यातून काही ओतून देता येत नाही, म्हणून भरीत बोटभरच. कळण्याच्या भाकरीतली उडदाची डाळही मोजून. दिवसाला ७५० मिलिलिटर पाणी ठरले होते. धाकट्या मुलाने बाटलीवर पेनाने रेघा ओढल्या आणि तो शाळेतून आला की आधी रेघ बघायचा. त्याच्या या पहाऱ्याचा तिला फार राग येई. खानदेशातला मे महिना आणि समोर रेघा ओढलेली बाटली, राग यायचाच.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चोपड्याला माहेरी जायचेच, असा तिने हट्ट धरला. शुक्रवार ते सोमवार हा दोन फेऱ्यांमधला सर्वांत मोठा खंड, अंगात पाणी साचण्याचा धोका याच दिवसांत जास्त. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, जाऊ द्या, पण आमरस नको. शुक्रवारची फेरी करून ती परस्पर भावाबरोबर गेली, बाटली सोबत दिली. सोमवारी सकाळी वजनकाट्यावर २ किलो ७०० ग्रॅम जास्त भरले. तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे.

“दोनच चमचे घेतला हो,” ती म्हणाली, आणि डावा हात पुढे करून पलंगावर आडवी झाली.