पासपोर्ट भारताचा, नंबरप्लेट श्टुटगार्टची

जर्मनीत गाडी नावावर करायला इथलं नागरिकत्व लागत नाही. कायमचा रहिवास परवानाही लागत नाही. लागतो तो राहत्या घराचा रीतसर नोंदवलेला पत्ता. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण इकडे नोकरीला यायला निघालेल्या भाचरांचा आणि मैत्रिणींच्या मुलांचा फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, "आपल्याला गाडी घेता येते का गं तिकडे?" श्टुटगार्टला मराठी मुलं येतच असतात. बॉश, मर्सिडीज, पोर्शं या सगळ्यांची मुख्यालयं याच परिसरात आहेत, आणि मुंबई तर 1968 पासून या शहराची भगिनी-नगरी आहे. गाडी घेता येते, आणि बऱ्यापैकी सरळपणे घेता येते. आपण परके आहोत याची किंमत मोजावी लागते ती सरकारी खिडकीवर नाही, विम्यात. ती का आणि कशी, ते नीट सांगायचंय.

आधी कागदांचा क्रम. घरात राहायला आलात की दोन आठवड्यांच्या आत पालिकेत जाऊन आनमेल्डुंग करायचं, म्हणजे पत्ता नोंदवायचा. त्याचा जो एका पानाचा दाखला मिळतो तो जपून ठेवा. बँक खातं असो, टॅक्स नंबर असो की गाडी, सगळीकडे तोच पुढे करावा लागतो. जर्मन माणूस गाडीच्या नोंदणीला आपलं ओळखपत्र नेतो आणि त्याचा पत्ता त्या कार्डावरच छापलेला असतो. आपल्या पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून पासपोर्ट आणि हा दाखला अशी जोडी न्यायची. काही कार्यालयं रहिवास परवान्याचं कार्डही बघतात. नोंदणीपुरता नागरिक आणि बिगरनागरिक यांच्यातला फरक एवढाच.

लायसन्सचं मात्र वेगळं आहे. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे नाही. काही देशांचं लायसन्स इथे परीक्षेशिवाय बदलून मिळतं, पण त्या यादीत भारत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. डोळ्यांची तपासणी आणि दिवसभराचा प्रथमोपचाराचा वर्गही करावा लागतो. लेखी परीक्षेत तीस प्रश्न असतात आणि दहापेक्षा जास्त दोषगुण झाले की नापास. ती इंग्रजीत देता येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ठरावीक तास बसण्याची सक्ती आपल्याला नाही, पण परीक्षा त्यांच्याच गाडीतून आणि त्यांच्यामार्फतच द्यावी लागते. पंधरा-वीस वर्षं सिन्नर घाट चढलेल्या-उतरलेल्या माणसानेही चार-सहा तास घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. बिनफलकाच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि वळताना दर वेळी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, या दोन सवयी नुसत्या वाचून अंगात मुरत नाहीत.

आणखी एक. इथलं लायसन्स हातात देताना ते भारतीय लायसन्स काढून घेतात. त्याआधी त्याची दोन्ही बाजूंनी स्वच्छ प्रत काढून ठेवा. तुम्ही पहिल्यांदा लायसन्स कधी काढलं ती तारीख पुढे विमा कंपनी विचारते.

नोंदणी होते त्सुलासुंग्सश्टेलेमध्ये. आपल्या आरटीओचं नोंदणीचं काम जिथे चालतं तसं हे कार्यालय, फक्त वेळ आधी घेऊन जायचं. गाडीचे दोन कागद असतात. पहिला भाग आपल्या आरसीसारखा, गाडी चालवताना जवळ ठेवायचा. दुसरा भाग घरी कपाटात ठेवायचा. कर्जावर गाडी घेतली असेल तर हा दुसरा भाग कर्ज फिटेपर्यंत बहुधा बँकेकडेच राहतो. हा कागद ज्याच्या हातात तो गाडीचा मालक, असा समज सर्रास आहे. पण ज्याच्या नावावर हा कागद आहे त्याला मालक ठरवलेलं नाही, असं त्या कागदावरच छापलेलं असतं. मालकी ठरते खरेदीच्या करारावरून. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच लेखी करार, दोन्ही भाग आणि तपासणीचा शेवटचा अहवाल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ही तपासणी म्हणजे ट्यूफ. नव्या गाडीची पहिली तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. ती कधी संपते हे मागच्या नंबरप्लेटवर कुणालाही वाचता येतं. तिथे एक गोल रंगीत स्टिकर असतो. त्याच्या मध्यभागी वर्ष आणि कडेने घड्याळासारखे बारा महिन्यांचे आकडे. जो आकडा सर्वांत वर, त्या महिन्यात मुदत संपणार. दर वर्षाचा रंग ठरलेला असतो, त्यामुळे पोलिसाला लांबूनच कळतं. जुनी गाडी बघायला गेलात की सर्वांत आधी या स्टिकरकडे बघा.

खिडकीवर नंबर ठरला की तो छापून घ्यायला बाहेर यायचं. या कार्यालयांच्या आसपास नंबरप्लेट करून देणाऱ्यांची दुकानं हमखास असतात. डावीकडे निळी पट्टी असलेला कोरा पांढरा पत्रा दाबयंत्रात घालतात. अक्षरं उठून येतात, मग गरम रुळाखालून काढला की फक्त उठलेल्या अक्षरांवर काळा रंग चढतो. पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाट्या हातात, हाताला अजून कोमट लागणाऱ्या. त्या घेऊन परत आत जायचं आणि तिथला कर्मचारी त्यावर राज्याचं चिन्ह असलेली मोहर चिकटवतो. ती मोहर लागली की गाडी रस्त्यावर आणायला मोकळी. सुरुवातीचं अक्षर शहराचं किंवा जिल्ह्याचं असतं. श्टुटगार्टचा एस, शेजारच्या ब्योब्लिंगनचा बीबी, एस्लिंगनचा ईएस. नाशिकची माणसं एमएच-15 दिसलं की परगावीही आपुलकीने बघतात, तसंच इथेही चालतं. पुढची अक्षरं थोडे जास्त पैसे भरून निवडता येतात, मात्र एसएस, केझेड अशा नाझी काळाची आठवण देणाऱ्या जोड्या मिळत नाहीत. मला ही मनाई फार योग्य वाटते.

आता हेच सगळं ऑनलाइनही होतं. आपल्या रहिवास परवान्याच्या कार्डात चिप असते आणि तिची ऑनलाइन ओळख सुरू केली की सहा आकडी पिन वापरून घरबसल्या गाडी नावावर करता येते. ही सोय जर्मन नागरिकांपुरतीच आहे असं समजून आपली बरीच मंडळी तिच्या वाट्याला जात नाहीत. तसं काही नाही. ते कार्ड पाकिटात नुसतं पडून राहू देऊ नका.

रोड टॅक्स आपल्याकडे नव्या गाडीवर एकदाच भरतो. इथे तो दरवर्षी खात्यातून वळता होतो आणि तो गोळा करतं कस्टम खातं. त्यासाठी बँक खात्यातून पैसे काढून घेण्याची लेखी परवानगी नोंदणीच्या वेळीच द्यावी लागते. म्हणजे बँक खातं आधी. हिशोब इंजिनच्या आकाराचा आणि धुराचा. 2014 नंतरची 1197 सीसीची पेट्रोल गाडी, किलोमीटरला 115 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडणारी, धरा. दर शंभर सीसीला 2 युरोप्रमाणे 24, आणि 95 ग्रॅमच्या वरच्या प्रत्येक ग्रॅमला 2 युरोप्रमाणे 40, असे वर्षाला 64 युरो. डिझेलला शंभर सीसीमागे 2 ऐवजी साडेनऊ युरो. त्यातून श्टुटगार्टमध्ये 2019 पासून धुराच्या जुन्या युरो-4 मानकाच्या डिझेल गाड्यांना बंदी आहे. स्वस्तात मिळतेय म्हणून जुनी डिझेल गाडी घेऊ नका.

आता विमा. विमा कंपनीकडून सात अक्षर-अंकांचा एक नंबर घ्यायचा. तो मिनिटाभरात मिळतो, आणि त्याशिवाय नोंदणीच होत नाही. हप्ता थकला की कंपनी नोंदणी कार्यालयाला कळवते आणि कार्यालय नंबरप्लेटवरची मोहर काढायला लावतं. विम्याशिवायची गाडी रस्त्यावर टिकू नये अशीच ही रचना आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा. या नंबराने सुरुवातीला मिळतं ते बहुधा फक्त समोरच्याच्या नुकसानीचं, म्हणजे हाफ्टफ्लिश्टचं, संरक्षण. स्वतःच्या गाडीचाही विमा पहिल्या दिवसापासून हवा असेल तर तसं कंपनीकडून लेखी घ्यायचं.

समोरच्याच्या इजेसाठी कायद्याने किमान 75 लाख युरोचं संरक्षण लागतं, मालमत्तेसाठी 12 लाखांहून जास्त. बहुतेक पॉलिसी 10 कोटी युरोपर्यंत जातात. आपल्याकडे थर्ड पार्टीत मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते, त्यावरून फरक लक्षात यावा.

हप्ता ठरतो गाडीचं मॉडेल, जिल्हा, वर्षाचे किलोमीटर, गाडी कोण कोण चालवणार यावरून, आणि सर्वांत जास्त एस-एफ क्लासवरून, म्हणजे दावा न केलेल्या वर्षांच्या शिडीवरून. विम्याचा दावा न करता गेलेल्या प्रत्येक वर्षाला एक पायरी वर. आपला नो क्लेम बोनस पाच वर्षांत पन्नास टक्क्यांवर थांबतो, आणि तोही फक्त स्वतःच्या गाडीच्या विम्यापुरता, थर्ड पार्टीला तो लागू नाही. इथली शिडी पस्तीस वर्षं आणि त्याहूनही वर जाते आणि हाफ्टफ्लिश्टलाही लागू होते. वरच्या पायरीवरचा माणूस नवख्याच्या तुलनेत अगदी थोडा हप्ता भरतो.

आपण या शिडीच्या तळाशी उभे राहतो. नाशिकला मी वर्षानुवर्षं गाडी चालवली, एकदाही दावा केला नाही. त्या वर्षांना इथल्या बहुतेक कंपन्यांच्या लेखी किंमत नाही. वंशावरून विम्याचा हप्ता वाढवायला इथे कायद्याने मनाई आहे आणि तसं कुणी करताना मला दिसलेलं नाही. पण एस-एफ क्लासची वर्षं घरातल्या घरात दुसऱ्याच्या नावावर करता येतात. आजोबांनी गाडी चालवणं सोडलं की त्यांची वर्षं नातवाला मिळतात, नातवाचं लायसन्स जितक्या वर्षांचं तितकी. आमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा याच वाटेने माझ्याहून कमी हप्त्यात गाडी चालवू लागला. त्याने कुणाचं काही लुबाडलं नाही, नियमच तसा आहे. पण आपल्याला इथे आजोबा नाहीत, आणि ते कुठल्याही परवान्याने मिळणार नाहीत. परकेपणा पासपोर्टच्या रकान्यात दिसतो असं आपण समजतो. मला तो हप्त्याच्या आकड्यात दिसला आणि मनाला लागला.

म्हणून काही गोष्टी कराच. भारतातल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेऊन निघा. ते मानायचं की नाही हे कायदा नाही, ती ती कंपनी ठरवते, त्यामुळे चार ठिकाणी दाखवून बघायला हरकत नाही. लायसन्सची तीन वर्षं झालेल्याला बऱ्याच कंपन्या शून्याऐवजी अर्ध्या पायरीवर घेतात. काही त्यासाठी भारतीय लायसन्सची तारीख धरतात, काही जर्मन. विचारल्याशिवाय सही करू नका. आणि गाडी घ्यायचीच असेल तर 1 जुलैच्या आत घ्या. वर्षात निदान सहा महिने विमा चालू राहिला तर जानेवारीत पायरी चढते, नाहीतर पुढचं वर्ष वाट बघावी लागते.

स्वतःच्या गाडीसाठी टाइलकास्को, म्हणजे अंशतः विमा, की फोलकास्को, म्हणजे पूर्ण? जुन्या गाडीला टाइलकास्को पुरतं. चोरी, गारपीट, काच, हरणाशी टक्कर, एवढं त्यात येतं. आणि मार्डर नावाचा प्राणी. मुंगसाच्या अंगाचा, झुपकेदार शेपटीचा. तो रात्री बॉनेटखाली शिरून रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतो. आमच्या गल्लीत रात्री गाड्यांच्या इंजिनखाली लाकडी चौकटीत ठोकलेली कोंबड्यांची जाळी सरकवून ठेवतात, कारण जाळीवर पाय द्यायला तो बिचकतो. सकाळी ती उचलून भिंतीला टेकवायची आणि कामाला निघायचं. पॉलिसी घेताना फक्त कुरतडलेली वायर भरून मिळते की त्यामुळे बिघडलेलं इंजिनही, हे बघून घ्या. दोन्ही येतं ती घ्या.

आई-बाबा उन्हाळ्यात येतात तेव्हा बाबांना ऑटोबानवर गाडी चालवायची हौस असते. पाहुण्याला भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट यावर चालवता येते, पण आधी त्यांचं नाव चालकांच्या यादीत घालावं लागतं. ऑनलाइन होतं, थोडा जादा हप्ता बसतो. तेवढ्यासाठी कंजुषी करू नये. यादीबाहेरच्या माणसाकडून अपघात झाला तर समोरच्याला भरपाई मिळते, पण कंपनी आपल्याकडून दंड आणि वाढीव हप्ता वसूल करू शकते.

बहुतेक पॉलिसी 31 डिसेंबरला संपतात आणि ती सोडायची असेल तर 30 नोव्हेंबरपर्यंत कंपनीला लेखी कळवावं लागतं. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिवाळी आटोपली की याचीच चर्चा सुरू होते. कुणी किती हप्ता भरतंय ते एकमेकांना सांगतात, आणि त्यातून खरंच पैसे वाचतात.

भारतात परत जायचं ठरलं तर गाडीची नोंदणी रद्द करा. टॅक्स आणि विमा दिवसाच्या हिशोबाने परत मिळतात, म्हणून जर्मन बँक खातं ते पैसे येईपर्यंत बंद करू नका. आणि विमा कंपनीकडून आपल्या एस-एफ क्लासचं पत्र मागून घ्या. पुढे कधी परत यायचं झालं तर इथली कमावलेली वर्षं काही काळ तरी धरली जातात.