पंचगंगा-पाऊस डेटाबेस: टेबल हलकं केलं, त्याची नोंद

पावसाळ्याच्या आधी करायचं ठरवलेलं मोठं काम झालं. डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे आणि घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डवर चालतो. गच्चीवरचं पर्जन्यमापक मिनिटाला एक ओळ टाकतं आणि पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी जाहीर झाली की त्या वेळेच्या सगळ्या ओळी अपडेट होतात. 2021 च्या पुरानंतर सुरू केलेलं हे टेबल आता वीस लाख ओळींच्या घरात आहे. एवढा डेटा चारशे एमबीच्या आत बसायला हवा, पण इंडेक्ससकट (ओळी पटकन शोधायची सूची) सव्वा जीबी झाला होता.

कारण त्या अपडेटमध्येच आहे. पोस्टग्रेस जुन्या ओळीवर लिहीत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी मेलेली म्हणून तिथंच राहते. या मेलेल्या ओळी आपोआप साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम जागा होतो तो मूळ सेटिंगप्रमाणे 50 अधिक एकूण ओळींच्या 20 टक्के मेल्यावर. म्हणजे माझ्याकडे चार लाखांवर! या टेबलापुरतं ते प्रमाण 0.02, म्हणजे 2 टक्के केलं, आता चाळीस हजारांच्या आसपास काम सुरू होतं. सगळ्यात जास्त फायदा याच एका बदलाचा होईल असं मला वाटतं.

हीच सफाई हातानं करायला साधा व्हॅक्यूम चालवला तर फाइल तेवढीच राहिली. तो मोकळी जागा टेबललाच परत वापरायला देतो. डिस्कला परत मिळतात ती फक्त शेवटाकडची पूर्ण रिकामी पानं. पण सविस्तर अहवाल देणारा व्हर्बोज पर्याय लावून बघितलं तर वेगळंच दिसलं: लाखभर मेलेल्या ओळी अजून काढता येत नाहीत म्हणे. डेटाबेसवर कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये शोधलं, तर आलेख काढणारा प्रोग्राम जुनं ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधलं सुरू केलेलं काम) उघडं धरून बसला होता. तो जुना डेटा बघू शकतो म्हटल्यावर त्या ओळी काढणार कशा? ते ट्रान्झॅक्शन बंद केलं आणि पुढच्याच फेरीत ओळी साफ झाल्या.

मग व्हॅक्यूम फुल, म्हणजे सगळं टेबल नव्यानं लिहून काढणं. त्याआधी फिलफॅक्टर, म्हणजे पान किती टक्के भरायचं ते, 90 केला, कारण टेबल नव्यानं लिहिलं जातं तेव्हाच तो जुन्या ओळींनाही लागू होतो. पानात थोडी जागा राहिली आणि इंडेक्सच्या कॉलमला हात लागला नाही, तर नवी प्रत त्याच पानात बसते आणि इंडेक्स फुगत नाही. काम चालू असताना टेबल पूर्ण लॉक होतं, नुसतं वाचणारं साधं सिलेक्टसुद्धा थांबतं. शिवाय नवी प्रत मावेल एवढी जागा कार्डवर आधीच मोकळी लागते. शेवटी आकडा आला 380 एमबी.

तरी व्हॅक्यूम फुल दर महिन्याला आपोआप चालावा म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) टाकू नका. वाढत्या टेबलमधली मोकळी जागा वाया गेलेली नसते, पुढच्या ओळी तिथंच बसतात. आणि बंधाऱ्यावरची पातळी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 च्या धोका पातळीकडे निघाली की घरातले, गल्लीतले सगळे आलेख उघडून बसतात. त्या रात्री लॉक अजिबात परवडणार नाही. म्हणून हे काम मे महिन्यातच.

पुढचं काम वर्षवार पार्टिशनचं, म्हणजे टेबलचे वर्षानुसार वेगळे तुकडे करण्याचं. जुन्या वर्षाच्या तासागणिक सरासऱ्या काढून ठेवल्या की मिनिटांच्या ओळी डिलीट करत बसण्यापेक्षा ते पार्टिशनच ड्रॉप करायचं, जागा लगेच डिस्कला मिळते. जास्त वेळ लॉक न लावता टेबल नव्यानं लिहिणारं पीजी_रिपॅक रास्पबेरी पायवर कुणी चालवलं असेल तर अनुभव जरूर सांगा, मला लॉकचा वेळ आणखी कमी करायचा आहे.