माऊसशिवाय मेडिक्लेम भरताना: माझा अनुभव

नुसत्या कीबोर्डने तीन वेगवेगळ्या संगणकांवर काम करायला मी शिकले आणि त्यातलं काहीच मला फारसं जड गेलं नाही. जड गेली ती एका मेडिक्लेम कंपनीच्या वेबसाइटवरची ‘उपचाराची तारीख’ ही एक चौकट. तिचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. ज्यांचा हात दुखतोय किंवा ज्यांच्या घरात कुणाचा दुखतोय, त्यांना उपयोगी पडेल.

मी मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी करते. ऑफिस प्रभादेवीला, तिथे मॅक. घरी मुलुंडला विंडोजचा लॅपटॉप आणि भाच्याने उबंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून दिलेला एक जुना संगणक. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली आणि बघता बघता भरलेला तांब्या उचलता येईना. डॉक्टरांनी ‘डी क्वेर्वेन’ असं नाव सांगितलं. अंगठा हलवणाऱ्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते ती. स्प्लिंट, फिजिओथेरपी, माऊस पूर्ण बंद आणि मोबाइलवर अंगठ्याने सरकवत बसणंही बंद. “डाव्या हाताने माऊस चालवू का?” असं विचारलं तर म्हणाले, “डावाही दुखवून घ्यायचाय का?” डाव्यालाही सुरुवात झालीच होती. बोटांनी, मध्ये मध्ये थांबून टाइप करायला मात्र हरकत नव्हती.

विंडोजवर दोन-चार दिवसांत हात बसला. ऑल्ट दाबून सोडलं की वर्ड-एक्सेलमध्ये वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात, ती दाबत गेलं की कुठलाही पर्याय सापडतो. विंडोज की आणि १, २, ३ दाबलं की खालच्या पट्टीवरचा पहिला, दुसरा, तिसरा प्रोग्राम उघडतो. राइट क्लिकला शिफ्ट आणि एफ१०. फाइलचं नाव बदलायला एफ२. आणि हे आधीच सांगायला हवं होतं: अंगठा अडकलेला असताना दोन-तीन कीज एकदम दाबू नका. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबा, ‘स्टिकी कीज’ चालू करायची का असं विचारतं, हो म्हणा. मग कंट्रोल दाबून सोडायचं, नंतर सी दाबायचं, कॉपी होतं. माझ्या मनगटाला सगळ्यात जास्त आराम यानेच पडला.

मॅकवर पहिले काही दिवस चिडचिड झाली. कंट्रोलच्या जागी कमांड, हे ऑफिसात सगळ्यांनाच माहीत असतं. पण फाइलवर जाऊन एंटर दाबलं की ती उघडत नाही, नाव बदलायची चौकट येते. उघडायला कमांड आणि खालचा बाण. कमांड-टॅबने प्रोग्राम बदलतात, पण एकाच प्रोग्रामच्या दोन खिडक्यांमध्ये जायचं तर टॅबच्या वरची की कमांडसोबत दाबायची. पानं लावताना मला हे सतत लागतं. मेनूपर्यंत पोचायला कंट्रोल-एफ२. त्याहून सोपं म्हणजे कमांड, शिफ्ट आणि तिरकी रेघ, की मदतीची चौकट उघडते. तिथे पर्यायाच्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकली की मेनूतला पर्याय सापडतो.

मॅकची एक गोष्ट कुणीही आपणहून सांगत नाही. तिथे टॅब दाबलं की मुळात फक्त मजकुराच्या चौकटींवर थांबतं, बटणं गाळून पुढे जातं. सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर ‘कीबोर्ड नेव्हिगेशन’ चालू करावं लागतं. शिवाय सफारीच्या सेटिंगमध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’खाली, टॅबने पानावरची प्रत्येक गोष्ट निवडण्याची वेगळी खूण आहे, ती करावी लागते, नाहीतर ऑप्शन-टॅब वापरायचं. १९८४च्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर बाणांच्या कीजच नव्हत्या, लोकांनी माऊसच वापरावा म्हणून. ती खोड इतक्या वर्षांनी थोडीशी शिल्लक आहे असं माझं मत. एकदा या खुणा केल्या की मात्र मॅक उत्तम चालतो. मजकुरात शब्दाशब्दाने जायला ऑप्शन आणि बाण, ओळीच्या टोकाला जायला कमांड आणि बाण. मुद्रितशोधनाला हे विंडोजपेक्षा मला जास्त सोयीचं वाटतं.

उबंटूचं फार सांगण्यासारखं नाही. सुपर की (म्हणजे विंडोजचीच की) दाबा, प्रोग्रामचं नाव टाइप करा, एंटर. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, कॉपीला शिफ्टही लागतो, कारण नुसतं कंट्रोल-सी चालू असलेलं काम थांबवतं.

आता ती चौकट.

फिजिओची बिलं जमली होती, क्लेम ऑनलाइनच भरायचा होता. घरच्या लॅपटॉपवर बसले. नाव, पॉलिसी नंबर, हॉस्पिटलचं नाव, सगळं टॅबने झरझर भरलं. टॅब दाबलं की चौकटीभोवती निळी कड येते, तिच्यावरून आपण कुठे आहोत ते कळतं. हॉस्पिटलच्या नावानंतर टॅब दाबलं आणि कड गायब. परत दाबलं, काही नाही. आणखी दाबत गेले तर कड थेट पानाच्या तळाशी, ‘अटी आणि नियम’वर उगवली. शिफ्ट-टॅबने उलटी आले तर कड हॉस्पिटलच्या नावावर. ‘उपचाराची तारीख’ मध्ये डोळ्यांसमोर दिसत होती, पण कीबोर्डसाठी ती त्या पानावर नव्हतीच.

तारखेची साधी चौकट प्रत्येक ब्राउझरमध्ये तयार असते. तिच्यात दिवस, महिना, वर्ष सरळ आकड्यांत टाइप करता येतं, वर-खाली बाणांनी बदलता येतं. कंपनीने ती न वापरता स्वतःचं रंगीत कॅलेंडर बसवलं होतं. ते फक्त क्लिक केल्यावर उघडतं आणि त्याच्या चौकटीत टाइप करायला बंदी. प्रत्येक बिलासाठी वेगळी तारीख, म्हणजे प्रत्येक बिलाला तेच. खाली बिलं चढवायची जागाही तशीच: ‘फाइल इथे ओढून टाका’. आणि थोडा वेळ काही हललं नाही की साइट बाहेर काढायची; मग पुन्हा ओटीपी, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

मी शक्य ते सगळं करून पाहिलं. एफ७ दाबून पानावर कर्सर आणला. कर्सर ‘उपचाराची तारीख’ या शब्दांपर्यंत गेला, पण एंटर दाबून काही उघडेना. कंट्रोल-एफने शब्द शोधून एस्केप दाबलं. लिंक असेल तर या युक्तीने तिच्यावर थेट पोचता येतं, फार कामाची युक्ती आहे. इथे लिंकच नव्हती. क्रोम सोडून फायरफॉक्स, मग एज. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सफारी. सगळीकडे तेच.

हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगा आला.

“मॅडम, ते कॅलेंडरचं चित्र दिसतंय ना, त्याच्यावर क्लिक करा.”

“मला माऊस वापरता येत नाही, हाताला स्प्लिंट आहे. कीबोर्डने तारीख कशी टाकायची?”

“मॅडम, क्लिक केलं की कॅलेंडर ओपन होतं.”

मी पुन्हा समजावलं. त्याने मला थांबवून कुणाला तरी विचारलं आणि परत येऊन म्हणाला, “मॅडम, घरात कुणी असेल तर त्यांच्याकडून करून घ्या ना.” मुलगा उद्धट नव्हता, त्याच्यापुढच्या कागदावर उत्तरच नव्हतं. पण हाताचं दुखणं म्हणून पैसे मागायचे आणि ते मागायला धडधाकट हात हवा, हे मला सहन झालं नाही. दुपारी घरात मी एकटी असते. माझ्या औषधपाण्याचे कागद कुणापुढे उघडायचे हेही मीच ठरवणार. आणि करून घेणं हेच उत्तर असेल, तर ज्यांना कायमच माऊस चालवता येत नाही त्यांनी जन्मभर करूनच घ्यायचं का?

वाट सापडली ती ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्याला दिसत नाही. तो एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, लावून काम करतो आणि त्याच्याइतका वेगवान कीबोर्ड मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. मी सांगितल्यावर त्याने विचारलं, “ताई, माऊस कीज लावून पाहिलंत का?”

विंडोजमध्ये डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक दाबलं की ‘माऊस कीज’ चालू करायची का असं विचारतं. मग उजवीकडच्या आकड्यांच्या कीज माऊसचा बाण हलवतात: ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, कोपऱ्यातले आकडे तिरके. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. शून्याने वस्तू धरायची, टिंबाने सोडायची, म्हणजे ओढून टाकणंही जमतं. माझ्या लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा भाग नाही, म्हणून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा छोटा नमपॅड आणला. मॅकवर त्याचीही गरज नाही: सेटिंगमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त माऊस कीज चालू केल्या की ७, ८, ९ आणि त्यांच्याखालची यू, ओ, जे, के, एल ही अक्षरं बाण हलवतात आणि आय क्लिक करतं.

त्या संध्याकाळी ८ दाबत दाबत बाण त्या चित्रापर्यंत नेला, ५ दाबलं आणि कॅलेंडर उघडलं. प्रत्येक तारखेला बाण कासवाच्या गतीने न्यावा लागला. सेटिंगमध्ये वेग वाढवता येतो, तो आधीच वाढवून ठेवा. पण सगळ्या तारखा माझ्या मी भरल्या, बिलं माझी मी चढवली आणि क्लेमचा नंबर आला तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला. पुढे पैसे रीतसर जमा झाले, त्याबद्दल तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला आनंदाने सांगितलं. तो म्हणाला, “तुम्हाला बाण दिसतो, म्हणून जमलं.” कॅलेंडरमधले दिवस स्क्रीन रीडरला कळतील असे बनवलेच नसतील, तर त्याला ते सापडणार कसे? माझा हात बरा होणार होता. त्याच्यासाठी ते पान बंदच राहणार. त्याच दिवशी मी तक्रार लिहायला घेतली.

तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच लिहू नका. ब्राउझर बदला असं उत्तर येतं. मी कुठल्या पानावर, कुठल्या चौकटीनंतर, टॅब कुठे उडी मारतं ते लिहिलं. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या जागतिक नियमावलीत, डब्ल्यूसीएजीमध्ये, २.१.१ हा नियम सांगतो की सगळं काम कीबोर्डने करता आलं पाहिजे, आणि २.४.७ सांगतो की आपण कुठे आहोत ते दिसलं पाहिजे. पहिला नियम तर अगदी प्राथमिक पातळीवरचा आहे. दोन्ही क्रमांक लिहिले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ३० एप्रिल २०२५चा निकाल, हेही लिहिलं. तक्रार हेल्पलाइनला न पाठवता कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. नाव-पत्ता वेबसाइटवर तळाशी असतो. पोच मिळाली, तांत्रिक विभागाकडे पाठवल्याचं कळवलं. मी अधूनमधून ते पान उघडून टॅब दाबून पाहते. चौकट अजून तशीच आहे, आणि माझं स्मरणपत्र दर महिन्याला जातं.

नमपॅड घेताना त्याच्यावर नम लॉकची की आणि दिवा दोन्ही आहेत ना ते दुकानातच लावून बघा. मूळ सेटिंग बदललं नसेल तर नम लॉक चालू असतानाच विंडोजच्या माऊस कीज चालतात, आणि दिवा नसला की ते कळत नाही.