निळी गोळी
आमचे जिजाजी अमेरिकेतल्या मोंटानाहून आलेत, आज सकाळी त्यांना तर्री पोहे खायला नेलं तर माणूस पूर्ण वेळ बंदुकीच्या गोळ्यांवरच बोलत होता नं भाऊ! तिकडे लोक शिकारीची काडतुसं घरीच भरतात, गॅरेजमध्ये हाताने दाबायचं यंत्र (प्रेस) लावून, आणि ते कायद्यात बसतं. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा, वरून १९७२ चा वन्यजीव कायदा, विनापरवाना असलं काही केलं तर थेट आत. बरंच आहे म्हणा, ताडोबा इतकं जवळ असताना.

पण ऐकायला मजा आली. मोबाईलवर फोटो दाखवला, निळीशार गोळी, एकदम पेनच्या टोपणासारखी. बार्न्सची एक्सएलसी. या कंपनीने १९८९ मध्ये पूर्ण तांब्याची एक्स बुलेट काढली, शिसं नाहीच, पण तांबं नळीत घासून चिकटायचं, नेम बिघडायचा, म्हणून वरून हा कोरडा लेप. आता कोणालाही वाटेल लेप लावला म्हणजे गोळी जास्त जोरात जाईल, तर उलटंच! घर्षण कमी झालं की मागचा दाबही कमी, वेग थोडा पडतो, म्हणून साध्या गोळीचा बारूदचा हिशोब हिला जसाच्या तसा चालत नाही.

मग २००३ मध्ये त्यांनी गोळीवर खाचाच पाडल्या, चिकटणं तसंच कमी झालं, निळा लेप मागे पडला.

मॉलिब्डेनमचा काळा लेप लावणारे मात्र वेगळेच, त्यांची बोटंपण काळी. जिजाजीही त्यातलेच, ताई म्हणे टॉवेल त्यांचे वेगळे ठेवते.