'लॉस्ट'मधल्या होड्यांची खातेवही: हिशेब जुळला आणि लगेच फिसकटला

'लॉस्ट' ही गूढ बेटावर अडकलेल्या माणसांची अमेरिकन टीव्ही मालिका. तिच्यात एका होडीचा पाठलाग होतो, आणि मागच्या होडीत कोण होतं हे कधीच दाखवलेलं नाही. ते शोधायला ही खातेवही. मागच्या नोंदीपर्यंत तिच्यात तीनच होड्या होत्या. तिघींचा हिशेब चोख लागला होता आणि 'मागच्या होडीत विडमोरची (बेटावर परत यायला धडपडणाऱ्या श्रीमंत उद्योगपतीची) माणसं' ही थिअरी पक्की झाल्यात जमा होती. आता चौथी होडी उपटली आहे, आणि तीही तिसऱ्या सीझनमधून, जिकडे कोणी बघतच नव्हतं.

प्रश्न जुनाच: पाठलाग करणारे कोण आणि कधीचे? पाचव्या सीझनच्या 'द लिटल प्रिन्स'मध्ये काळात उड्या मारत फिरणारे सॉयर, ज्युलिएट, लॉक, माइल्स, डॅनियल आणि शार्लट जुन्या कॅम्पवर येतात. कॅम्प उजाड, त्यांची झोडिअ‍ॅक (मोटरची रबरी बोट) गायब आणि वाळूवर उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारा लाकडी ओंडका असलेल्या, इंग्रजीत 'आउटरिगर') दोन होड्या. एकीत अजिरा एअरवेज या मालिकेतल्या विमान कंपनीची पाण्याची बाटली. हे सहा जण एक होडी घेऊन बेटावरच्या ऑर्किड या केंद्राकडे निघतात, दुसरीतून कोणीतरी पाठलाग करत गोळ्या झाडतं, ज्युलिएट उलट गोळीबार करते, फ्लॅश (लख्ख उजेड, ज्यासरशी ही मंडळी दुसऱ्या काळात फेकली जातात) होतो आणि होडीसकट सगळे थेट १९८८च्या वादळात. मालिकेचे कर्तेधर्ते लिंडलॉफ आणि क्यूज यांनी उत्तराचा प्रसंग लिहिला होता, पण चित्रित केला नाही. तेव्हा जे पडद्यावर आहे त्यातूनच काय ते काढायचं.

बाटलीवरून फक्त खालची मर्यादा मिळते: अजिराचं विमान, फ्लाइट ३१६, बेटावर उतरलं २००७मध्ये, म्हणजे प्रसंग त्यानंतरचा. वरची मर्यादा बाटली देत नाही. ती होड्यांच्या मोजणीतूनच निघेल, म्हणून ही खातेवही.

पद्धत थोडक्यात. एक फेरी म्हणजे एक ओळ. रकाने पाच: एपिसोड, कोण बसलं, कुठून, कुठे, होडी शेवटी कुठे राहिली. सहावा रकाना पुराव्याचा: 'दिसलं', 'बोललं', 'अंदाज'. 'अंदाज'वाल्या ओळीच्या आधारावर पुढची ओळ लिहायची नाही, नाहीतर चार ओळींत आख्खी थिअरी हवेत जाते. फेऱ्या शोधायला एपिसोड बघत बसू नका. सबटायटल फाइलमध्ये 'आउटरिगर', 'कनू' आणि 'बोट' हे तिन्ही शब्द शोधा. नुसतं 'आउटरिगर' शोधलं तर निम्म्या फेऱ्या निसटतात, कारण पात्रं सर्रास 'बोट' म्हणतात. फ्रेम बघायला ब्लू-रेच हवी. स्ट्रीमिंगवर उन्हातल्या चमकत्या पाण्याचे चौकोनी ठोकळे होतात आणि लांबची माणसं त्यातच विरघळतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबून फ्रेम पुढे जाते, पण मागे येत नाही. एमपीव्ही या दुसऱ्या प्लेअरमध्ये पूर्णविरामाने पुढे, स्वल्पविरामाने मागे. या कामाला एमपीव्हीच बरा.

आता जुळलेला हिशेब. मुख्य बेटाशेजारच्या हायड्रा या छोट्या बेटावर, जिथे अजिराचं विमान उतरलं, सुरुवातीला होड्या ३. पहिली विमानातली सन आणि वैमानिक फ्रँक नेतात. फ्रँक तीच घेऊन परततो. दुसरी बेन आणि 'लॉक' (मेलेल्या लॉकचं रूप घेतलेला खलनायक) नेतात, ती मुख्य बेटावर राहते. विमानातले इलाना, ब्रॅम आणि मंडळी फ्रँकला आणि लॉकचं प्रेत असलेल्या पेटीला घेऊन एका होडीतून येतात. ती पहिली की तिसरी, हिशेबाला फरक पडत नाही. म्हणजे मुख्य बेटावर दोन, हायड्रावर एक. सहाव्या सीझनमध्ये हायड्रा विडमोरच्या ताब्यात. अजिराचं विमानही तिथेच, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आल्याच. शेवटाकडे विडमोर आणि त्याची सहकारी झोई होडीने मुख्य बेटावरच्या बराक्स या वस्तीच्या धक्क्यावर येतात. तो झोईला होडी बुडवायला पाठवतो, आणि तेवढ्यात तिला दुसऱ्या होडीतून 'लॉक' येताना दिसतो. धक्क्यावर दोन. तीन वजा दोन, उरली एक. १९८८मध्ये गेलेली होडी ती हीच! पाठलाग करणारी मग विडमोरवाल्यांची ठरते.

हे आणखी दोन बाजूंनी जुळत होतं. पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून विडमोरच्या लोकांनी तो कॅम्प पाहिलेला आहे, आणि इलाना मेल्यावर कॅम्प रिकामा होतो. शिवाय २००७मध्ये पुढच्या होडीतले सॉयर आणि माइल्स हे दोघेच जिवंत आहेत. त्यांना हा पाठलाग आठवत असणार, त्यामुळे ते ज्या गटात आहेत तो गट बाद. सॉयरने स्वतःवरच गोळ्या झाडल्या ही लाडकी थिअरी इथेच निकालात निघते. विडमोरची माणसं या चाळणीतून सुखरूप सुटतात.

आणि मग बेटावर राहणाऱ्या ॲलेक्स या मुलीची होडी. तिसऱ्या सीझनच्या 'नॉट इन पोर्टलंड'मध्ये केट, सॉयर आणि कार्ल तिच्या लपवलेल्या होडीतून हायड्रावरून सुटतात, मुख्य बेटाच्या किनाऱ्याला लागतात आणि पुढे पायी जातात. म्हणजे २००४च्या शेवटाला एक होडी मुख्य बेटावर आहेच. ती तिथेच राहिली असेल तर एकूण चार. मग 'उरली एक' हे वाक्यच कोसळतं, आणि इलानाची माणसं किंवा २००७नंतर आलेलं कोणीही पुन्हा शर्यतीत.

बांधणीवरून होड्या वेगळ्या ओळखायची सूचना आली होती. उपयोग शून्य. चित्रीकरण हवाईच्या ओआहूवर, होड्या त्याच घाटाच्या. उलांडी डावीकडे आहे एवढ्यावरून काय सिद्ध होणार?

त्यापेक्षा हे लिहिताना सुचलेलं बरं वाटतं: होड्या सोडून झोडिअ‍ॅकचा रकाना उघडावा. फ्लॅशमध्ये सोबत जाते ती हाताशी असलेली वस्तू. मग मंडळी झोडिअ‍ॅकपासून दूर असताना फ्लॅश झाला, तर ती त्याच काळात मागे राहणार, आणि कॅम्पवर ती नसण्याने तारखेबद्दल काहीच कळणार नाही. पण ती त्यांच्यासोबत २००४नंतरच्या एखाद्या काळात पोहोचून तिथे राहिली असेल, तर तिला हलवणारा कोणीतरी हवा, आणि त्याच्यावरून वरची मर्यादा मिळेल. त्यामुळे आधी ठरवलेली सहाव्या सीझनची उजळणी बाजूला. पाचव्याच्या पहिल्या चार एपिसोडमध्ये प्रत्येक फ्लॅशच्या क्षणी झोडिअ‍ॅकपासून सगळ्यात जवळ कोण आहे, एवढंच टिपायचं. पेटते बाण येतात तो प्रसंग आधी. किनाऱ्यावरची पळापळ तिथेच आहे. 'दिसलं' या खुणेशिवाय ओळी पाठवू नका.