तुम्ही विचारलंत म्हणून: व्होल्टेज कमी केल्यावर कार्ड मंद होत नाही का?

माझे ग्राफिक्स कार्ड मी मूळ सेटिंगपेक्षा कमी व्होल्टेजवर चालवतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग ते मंद होत नाही का? होत नाही, उलट काही कार्डे किंचित वेगाने चालू लागतात.

चिप किती वेगाने काम करील हे तिच्या क्लॉकवर, म्हणजे सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांच्या संख्येवर, अवलंबून असते. त्या क्लॉकवर ट्रान्झिस्टरांनी, म्हणजे चिपमधल्या सूक्ष्म विद्युत-स्विचांनी, न चुकता उघडझाप करावी, एवढ्यापुरतेच व्होल्टेज लागते. एकाच वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, कापलेल्या दोन चिपाही सारख्या निघत नाहीत, आणि त्यातली सुमार चिपसुद्धा तापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे चालली पाहिजे, म्हणून निर्माता सर्वांनाच थोडे जास्तीचे व्होल्टेज देऊन ठेवतो. तुमची चिप सुमार नसेल, तर ते जास्तीचे व्होल्टेज निव्वळ उष्णता होऊन पंख्यावाटे बाहेर पडते.

ही उष्णता थोडीथोडकी नसते, कारण क्लॉक तोच ठेवला तर चिपच्या उघडझापीत खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १.०५ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आल्यास हा खर्च पाव हिश्शाहून थोडा अधिक घटतो. मेमरी आणि पंखे यांचा वाटा तसाच राहत असल्यामुळे पूर्ण कार्डाची बचत त्याहून कमी भरते, तरीही एनव्हिडियाच्या २०१६ मधील जीटीएक्स १०८० या कार्डाची १८० वॉटची वीजमर्यादा २०२० मधील आरटीएक्स ३०८० मध्ये ३२० वॉटवर आणि २०२२ मधील आरटीएक्स ४०९० मध्ये ४५० वॉटवर गेली आहे, हे पाहता ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. वेग वाढण्याचे कारणही या मर्यादेतच आहे. कार्ड मर्यादेला टेकले की स्वतःच क्लॉक उतरवते. तेवढ्याच वॉटमध्ये जास्त क्लॉक बसू लागला, तर उतरवण्याची वेळ कमी येते.

एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मी आफ्टरबर्नर हा कार्डाच्या सेटिंग बदलण्याचा प्रोग्राम वापरतो. कंट्रोल आणि एफ दाबल्यावर व्होल्टेज व क्लॉक यांचा आलेख उघडतो. त्यात, समजा, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू हव्या त्या क्लॉकपर्यंत उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची रेषा सपाट करायची. एएमडीच्या कार्डांसाठी अॅड्रेनलिन या एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. हे काम पाच मिनिटांचे आहे. खरा वेळ चाचणीत जातो, आणि तिथेच मी फसलो होतो.

मी सर्वांत जड चाचणी तासभर चालवली, ती निर्विघ्न पार पडली आणि मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी एका जुन्या, अगदी हलक्या गेममध्ये पडदा काळा झाला आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पुन्हा सुरू झाला. जड चाचणीत कार्ड वीजमर्यादेला टेकून आलेखावर खालच्या बिंदूंकडे सरकले होते, त्यामुळे मी उचललेल्या बिंदूची परीक्षा जवळजवळ झालीच नव्हती. हलक्या गेमने विजेची ओढ कमी ठेवली आणि कार्डाला नेमके त्याच बिंदूवर नेऊन उभे केले. तेव्हापासून मी हलके, जड आणि रे ट्रेसिंगचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याचे) असे तिन्ही प्रकारचे काम काही दिवस चालवून पाहतो, आणि एकदा जरी गडबड झाली तरी क्लॉक १५ ते ३० मेगाहर्ट्झने खाली आणतो.

मेमरीचा क्लॉक वाढवायचा मोह झाला, तर एक फसवी गोष्ट लक्षात ठेवावी. काही कार्डांवरची जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी चुकलेला डेटा ओळखून पुन्हा पाठवते, त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर पडदा काळा होण्याऐवजी दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, म्हणजे फ्रेम, मुकाट्याने कमी होतात. आकडा वाढवल्याच्या आनंदात ते कळतही नाही, म्हणून प्रत्येक पायरीला फ्रेम मोजूनच पुढे जावे.

इतका धीर नसेल, तर फक्त वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. वेग थोडा घटतो, पण अस्थिरतेची भीती जवळजवळ राहत नाही. संगणक सुरू होताच सेटिंग आपोआप लागू करण्याची चौकट मात्र मी पहिले दोन आठवडे रिकामी ठेवतो, कारण चुकीचा आलेख सुरुवातीलाच लागू झाला तर तो दुरुस्त करण्यासाठी सेफ मोडमध्ये, म्हणजे संगणक मोजक्याच गोष्टींसह सुरू होतो त्या अवस्थेत, शिरावे लागू शकते.